आधीची दोन घरं

"आता बघ हां. इतक्यात नंदन येतलो," कुमुदकाकू म्हणाल्या आणि त्यांनी दोन्ही हातांची बोटं पट्टीवर ठेवली.

वेंगुर्ल्याच्या त्या घराची मागची पडवी. दुपारचा दीड वाजत आलेला, वारा पडलेला, माडाचं एक पान हलत नव्हतं. काकूंचे डोळे दहाव्या वर्षी देवीत गेले होते आणि पन्नाशीत आलेल्या एका तापानं कानही नेले. बोलायच्या मात्र. आपला आवाज आपल्याला ऐकू येत नसल्यामुळे सगळं एकाच सुरात, एकाच उंचीवर, जरा मोठ्यानंच. कुणीतरी पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं वाटायचं, आणि पहिल्या दिवशी मला ते ऐकून कसंसंच झालं.

पट्टी म्हणजे हातभर लांबीचं चपटं यंत्र. त्यात चाळीस घरं, आणि प्रत्येक घरात टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके. संगणकावर मजकूर आला की तेवढे ठिपके वर उठतात आणि ब्रेल येणारा माणूस तो बोटांनी वाचतो. बाहेरच्या जगातून काकूंकडे येणारी ही एवढीच वाट. ती बंद पडायला आली होती म्हणून पुण्याच्या आमच्या संस्थेनं मला तिथं धाडलं होतं. वय सव्वीस, आणि आपल्याला न उलगडणारं यंत्र अजून जन्माला यायचंय असा तोरा.

पट्टी हलली.

पहिली दोन घरं उठली. बसली. मग पुन्हा उठली, पाठोपाठ तिसरं, चौथं, दहावं. ठिपक्यांची ओळ मुंग्यांसारखी सरकत गेली, मध्येच थबकली, आणि उलट्या दिशेनं एकेक घर विझत पुन्हा सपाट झाली. जुन्या यंत्राची खोड असणार, असं मी मनात टिपून ठेवलं. काकूंची बोटं त्या थरथरीवर अगदी स्थिर होती. चेहरासुद्धा.

मग ओळ सरळ भरत गेली आणि काकू मोठ्यानं वाचू लागल्या.

"आये, जेवलंस? मी बरो आसंय. हय समुद्र शांत आसा. तुझो नंदन."

वाचून झाल्यावर त्या हसल्या. "बोटीवर आसा माझो झील. दोन मिनटां काढता आवशीसाठी." पत्र आल्याशिवाय त्या जेवत नसत, हे मला सकाळीच कळलं होतं.

मी आत माजघरात गेले. संगणक तिथं होता. लांबलचक तारेनं पडवीतल्या पट्टीला जोडलेला. पट्टी बनवणारी परदेशातली कंपनी कधीच बुडाली होती. तिचं सॉफ्टवेअर फक्त त्या म्हाताऱ्या संगणकावर चालायचं, आणि संगणकाची डिस्क तर घशात खाकरा अडकल्यासारखी वाजत होती. नवा संगणक मी बरोबर आणला होता, पण पट्टीशी कोणत्या भाषेत बोलायचं हे त्याला कोण सांगणार? ना पुस्तक, ना पत्ता. म्हणून सकाळीच मी एक युक्ती केली होती. सॉफ्टवेअर आणि पट्टीच्या मधोमध माझा एक छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, बसवला. त्याचं काम एकच: इकडून आलेलं तिकडे जसंच्या तसं पाठवायचं आणि जाता जाता वेळेसकट वहीत, म्हणजे एका फाइलीत, टिपून ठेवायचं. काकूंचे यजमान भालचंद्र परुळेकर, गावाचे तारमास्तर, ते ऐकून म्हणाले होते, "म्हणजे आमच्या खात्यात पत्रं फोडणारा असायचा तसा." मग म्हणाले, "दीडला पत्र येईल तेव्हा तुम्ही पडवीत हिच्याजवळ बसा. मी आत जरा आडवा होतो."

वहीत सगळं नीट उतरलं होतं. आकड्यांच्या ओळीच ओळी. फाइल जतन करताना सहज वाकले तर लक्षात आलं, की संगणकाला टेलिफोनची तार जोडलेलीच नाही. भिंतीवर ती जोडायची खाच होती, तिच्यावर कोळिष्टक होतं.

मग हे पत्र आलं कुठून?

सकाळी यंत्रात डोकं खुपसून बसले होते, आता पहिल्यांदाच वर पाहिलं. संगणकाच्या बरोबर वर, भिंतीवर, पांढऱ्या गणवेशातल्या एका तरुणाचा फोटो होता. फोटोला चंदनाचा हार. खाली नीट अक्षरात लिहिलं होतं, कै. नंदन भालचंद्र परुळेकर. तारीख तीन वर्षांपूर्वीची.

पाच मिनिटांपूर्वीच्या त्याच्या पत्राचे ठिपके माझ्यासमोर पडद्यावर होते. बाहेरून काकूंचा एकसुरी आवाज येत होता, "समुद्र शांत आसा... समुद्र शांत आसा..." भरदुपारी, लख्ख उजेडात, मी खुर्चीची कड धरून उभी होते.

"मीच लिहितो," मागून मास्तर म्हणाले.

ते दारात उभे होते. उंच, वाकलेले, अंगात बंडी. आडवे-बिडवे काही झालेले नव्हते.

"बोट बुडाली, रेवतीबाय. सतरा माणसं होती. एकही हाती लागला नाही. प्रेत आलं नाही, मग हिला काय दाखवू? आणि सांगू कसं? आमचं रोजचं बोलणं हिच्या तळहातावर. मी बोटानं अक्षर काढतो, ती ओळखते. पाणी, दूध, पाऊस. 'नंदन गेला' हे मी हिच्या हातावर काढू? माझ्याच्यानं ते झालं नाही. खरी पत्रं संगणकावर यायची ती बंद झाली, तर चौथ्या दिवशी मी पहिलं खोटं लिहिलं."

"आणि घरात... शेजारीपाजारी?"

"ते हिच्याशी बोलणार कसे? हिच्या जगाचं दार म्हणजे मी. सुतकात देवाला दिवा-उदबत्ती करू नये. पण वास आला नाही तर हिला कळलं असतं. तेराही दिवस लावली. देवानं काय ते बघावं."

ते फोटोकडे न बघता कळफलकाकडे बघत होते. "हे यंत्र बंद पडलं तर नंदन दुसऱ्यांदा जाईल. तेवढं होऊ देऊ नका."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"एक बरं आहे," ते खुर्चीत बसत म्हणाले. "तारेत चावी दाबली की गेली. खोडायची सोय नाही. बेचाळीस वर्षं जिवाला धास्ती. इथं एंटर मारेपर्यंत सगळं आपल्यापाशी. चुकलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. तिकडे जातं ते शुद्धच."

मी मान डोलावली. पण वही चाळताना मला कळलं, की मास्तरांची समजूत साफ चुकीची आहे. पडद्यावर वरच्या चौकटीत मजकूर एंटरनंतर दिसायचा हे खरं. पट्टीला मात्र ते सॉफ्टवेअर प्रत्येक अक्षरागणिक ओळ धाडत होतं. एका पत्रापायी सत्तर-ऐंशी वेळा. लिहिलेलं तर जात होतंच, खोडलेलंही जात होतं. मघाची थरथर ती हीच. मला आधी त्या गचाळपणाचा राग आला, मग मास्तरांची काळजी वाटली. म्हाताऱ्याची बोटं अडखळतात, एखाद्या दिवशी भलतं काही उमटलं तर बिंग फुटायचं. त्यांना सांगून कशाला घोर लावा? नव्या ड्रायव्हरमध्ये मीच दुरुस्ती करते, एंटर दाबल्यावर एकदाच काय ते जाईल. त्यांची समजूत खरी करून टाकायची. ती दुरुस्ती सुचल्यावर मी स्वतःवरच खूश झाले.

तीन दिवस टिपण घेतलं. ठिपक्यांची भाषा उलगडायला मला पत्रांच्या शेवटच्या, पुऱ्या झालेल्या ओळी पुरल्या. मधल्या शेकडो ओळी मी वाचल्याच नाहीत. कचऱ्यात काय बघायचं?

त्या तीन दिवसांत मास्तरांचं आणि काकूंचं पाहत राहायचं मला वेडच लागलं. मास्तर यायचे, तिचा हात हातात घ्यायचे, आणि तळव्यावर अक्षर काढता काढता तोंडानंही म्हणायचे, "गो, पाणी होया?" कोकणात नवरा बायकोला 'गो' म्हणतो. तिला ऐकू येत नाही हे बारा वर्षं ठाऊक असून त्यांच्या तोंडून तो शब्द सुटायचाच. तळव्यावर मात्र नुसतं 'पाणी' उमटायचं. तिथं जागा कमी.

चौथ्या दिवशी नवा संगणक जोडला. दीड वाजता पट्टी एकदाच, झटक्यात उठली, सगळी ओळ एकदम. थरथर नाही, काही नाही. मी कौतुकाच्या अपेक्षेनं काकूंकडे पाहिलं.

त्यांनी पत्र वाचलं. बोटं उचलली नाहीत. आणखी कशाची तरी वाट बघत राहिल्या.

"मशीन अर्धा बोलता," त्या म्हणाल्या.

मास्तर आतून धावत आले. "काय म्हणाली? काय राहिलं?"

मी अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. एक ठिपका कमी नव्हता. तसं मास्तरांनी तिच्या हातावर लिहिलं. काकूंनी मान हलवली.

"नाय. कायतरी खाता तां."

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पत्र आल्यावर पट्टी त्यांनी हातानं दूर सारली आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. पुन्हा पान तसंच राहिलं. मास्तर माजघरात कपाळाला हात लावून बसले होते.

"हिला संशय आला," ते म्हणाले. "तीन वर्षं आला नाही तो आता आला. जुन्यात माझं लिहिणं नंदनसारखं वाटत असेल. तुमच्या नव्यात नाही वाटत."

हे मला झोंबलं. मी काही माणसाचं लिहिणं बदललं नव्हतं. पण समोर एक बाई दोन दिवस उपाशी होती, आणि ती माझ्या दुरुस्तीनंतर उपाशी होती.

तिसऱ्या सकाळी मास्तर बाजारात गेले. तिला ते मासे आवडतात म्हणून तारल्या आणायला. त्यांची पावलं बाहेर पडली तशी काकूंनी जमिनीवर तळवा टेकवला, जरा वेळ तसाच ठेवला आणि विचारलं, "हे गेले?"

मी त्यांच्या हातावर 'हो' काढलं.

त्यांनी माझं मनगट धरलं. पकड म्हातारीची नव्हती. "आधी दोन घरां उठायची," त्या नेहमीच्याच मोठ्या, सपाट आवाजात म्हणाल्या. "पत्राच्या आधी. रोज. ती तू कित्याक पुसलंस?"

मी आत गेले. जुनी वही उघडली आणि जो कचरा म्हणून सोडला होता तो पहिल्यापासून वाचायला घेतला.

पहिला दिवस, दुपारी एक अठ्ठावीस. दोन घरं भरली. ग, आणि ओ.

'गो'.

खोडलं. पुन्हा 'गो'. मग: 'गो, तुका एक सांगूचा आसा'. मग मागून एकेक अक्षर पुसत पट्टी रिकामी. मग: 'आये, जेवलंस?'

दुसरा दिवस. 'गो'. 'गो, आपलो नंदन'. इथं ओळ थांबली होती. माझ्या ड्रायव्हरनं इमानानं वेळ टिपली होती, त्रेचाळीस सेकंद. त्रेचाळीस सेकंद ते शब्द पट्टीवर तसेच उभे होते. मग एकेक करून खाली बसले. 'आये, जेवलंस?'

तिसरा दिवस. 'गो, आपलो नंदन येवचो नाय गो'. खोडलं. 'आये, जेवलंस?'

तीन वर्षं, रोज दुपारी, शेजारच्या खोलीत बसून हा माणूस बायकोला खरं सांगायला घेत होता आणि हिंमत खचली की पुसत होता. पुसलं म्हणजे गेलं नाही, अशी त्याची खात्री. आणि पडवीत तिची बोटं.

मी बाहेर आले, त्यांच्यापुढे बसले, तळवा उघडला आणि त्यावर एकच शब्द काढला. 'गो?'

काकूंनी मूठ मिटली. माझं बोट आतच राहिलं.

"पयल्या दिवसापासून," त्या म्हणाल्या. "पयल्याच दिवशी सांगल्यानी माका. आणि पुसल्यानी. मी वाट बघलंय, उद्या पुसूचे नाय. रोज पुसतत."

मी मोकळ्या हातानं त्यांच्या दुसऱ्या हातावर लिहिलं, 'सांगा ना त्यांना.'

"नाय!" त्या ओरडल्याच. आवाज घरभर गेला. मी दाराकडे पाहिलं, कुणी नव्हतं. "हेंका कळूक नको. माका म्हायती नाय, ह्या एका गोष्टीसाठी हे उठतत, आंघूळ करतत, पत्र लिवतत. ता काढून घेतलंस तर काय उरात हेंच्याकडे?" त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि आवाज मात्र तसाच, पाठ म्हटल्यासारखा. "दीड वाजता आम्ही दोघां मिळान झिलाक रडतंव. हेंका वाटता एकटेच रडतत. तेवढाच आमचा उरला हुता, बाये. ता तू स्वच्छ केलंस."

मी ढसाढसा रडले. त्यांना ते ऐकू गेलं नाही, पण माझं बोट त्यांच्या मुठीत होतं, ते थरथरत असणार. त्यांनी मूठ सैल केली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

काम दहा मिनिटांचं होतं. एंटरची अट काढून टाकली. अक्षर दाबलं की जाईल, खोडलं की जाईल, जसं जुन्यात जात होतं तसंच. टिपण घेणाऱ्या ओळीही उपटून काढल्या. यापुढं त्या घरातलं बोलणं कुणाच्याही वहीत उतरायचं कारण नव्हतं. तीन दिवसांची फाइल होती ती पुसली. ती मात्र खरोखरच पुसली.

मास्तर तारल्या घेऊन आले तेव्हा मी म्हटलं, "दोष सापडला, मास्तर. माझीच चूक होती. आज नीट चालेल."

"जाताना चूक होत होती?"

"हो. काही अक्षरं गळत होती."

"म्हणजे ती खरं सांगत होती," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काही आलं. "मी एंटर मारल्याशिवाय काही जात नाही ना? ते पूर्वीसारखंच ना?"

"अगदी पूर्वीसारखं," मी म्हटलं. त्यात खोटं असं काहीच नव्हतं.

दीड वाजता मी पडवीत काकूंजवळ बसले. त्यांना बळंच आणून बसवावं लागलं, किंवा तसं त्यांनी भासवलं. बोटं पट्टीवर ठेवली. आतून कळफलकाचा आवाज आला. एक टक, मग बराच वेळ काही नाही. आता ठिपके मलाही वाचता येत होते.

दोन घरं उठली. गो.

काकूंची बोटं त्या दोन घरांवर थांबली. मग ओळ हळूहळू पुढं सरकली. आज नंदनचं नाव आलं नाही.

'गो, जेव गो. माका आता तुझ्याशिवाय कोण आसा.'

ती ओळ पट्टीवर किती वेळ उभी होती, मी मोजलं नाही. टिपणारा आता कुणी नव्हता. मग शेवटचं घर विझलं, त्याच्या आधीचं, त्याच्या आधीचं, आणि काकूंची बोटं त्या विझत जाणाऱ्या घरांबरोबर मागे मागे येत राहिली, पार पहिल्या दोन घरांपर्यंत. तीही बसली.

'आये, जेवलंस? मी बरो आसंय. तुझो नंदन.'

मास्तर दारात आले. तिच्यासमोर बसले, हात घेतला आणि भीतभीत तळव्यावर अक्षरं काढली. तोंडानं म्हणाले, "गो, पत्र इला नीट?"

काकूंनी पट्टीवरचा हात उचलून पदरानं तोंड पुसलं.

"आयकलात?" त्या म्हणाल्या, साऱ्या वाडीला ऐकू जाईल अशा त्या सपाट आवाजात. "झील म्हणता, जेव. पानां वाढा. दोघांची वाढा."